देवघरातली चप्पल

मोजा ममताला गच्चीवर सापडला. दोरीवर नव्हता. पाण्याच्या टाकीमागे, पाइपावर पसरून ठेवलेला, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर विटेचा तुकडा.

पांढराच मोजा. डॉक्टर हेमालींनी सांगितलं होतं, पांढरेच वापरा, डाग पडला तर लगेच दिसतो. उजव्या पायाच्या मोज्यांवर ममताने लाल दोऱ्याचा एकेक टाका घातला होता, वेगळे धुता यावेत म्हणून. बाबांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काढून आता सात आठवडे झाले होते. टाके निघाले, जखम मिटली, ड्रेसिंग थांबलं. मोजे मात्र ती रोज स्वतः हाताने धुवत होती. गेले चार दिवस ते धुवायला आलेच नव्हते, आणि हे तिच्या आत्ता लक्षात येत होतं.

तिने मोजा उलटा केला. बोट होतं त्या जागी काहीच नव्हतं. खाली, चवडा जिथे टेकतो तिथे, रुपयाएवढा पिवळट गोल होता. कडेने तपकिरी. घासून घासून कापड विरलं होतं, तरी तो गेला नव्हता.

"ममता, डाळ भिजवलीस का गं?" जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला.

"आले, आई."

मोजा ओढणीच्या टोकात गुंडाळून ती खाली उतरली. प्रत्येक पायरीवर तिला डॉक्टरांच्या कागदातली एकेक ओळ आठवत होती. तो कागद तिनेच फ्रिजवर चिकटवला होता. डाग, सूज, लाली, वास, ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नाही.

आणि उद्या तर मंगळवार होता, नवस फेडायचा.

ऑपरेशनच्या दिवशी बाबांना आत नेल्यावर दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून आईंनी तारोडीच्या देवीला हात जोडले होते. पाय वाचू दे गं माय, चैत्रात आम्ही दोघं अनवाणी चालत येऊ, तुझी ओटी भरू. ममता शेजारीच उभी होती. तिनेही हात जोडले होते. मुर्ध्याच्या या घरापासून तारोडीपर्यंत पाच-सहा किलोमीटर डांबरी रस्ता आहे, हे तेव्हा दोघींच्याही मनात आलं नव्हतं.

स्वयंपाकघरात सासूबाई, जिजाबाई, ओटीचं सामान काढत होत्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. त्यांचे हात नेहमीसारखेच संथ होते. चाळीस वर्षांत त्यांचा एकवीस नमस्कारांचा नेम चुकला नव्हता आणि आवाज कधी चढला नव्हता.

"आई, बाबांचे मोजे दिसत नाहीत हल्ली."

"मी धुते. तुला किती कामं."

"दोरीवर नव्हते."

जिजाबाईंनी खणाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "असतील इथेच कुठेतरी," त्या म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

ममताने कढईखालचा गॅस बंद केला. आईंना माहीत आहे. हे कळल्यावर तिला डागापेक्षा जास्त भीती वाटली. या घरात ती बारा वर्षं नांदत होती आणि जिजाबाईंना खोटं बोलताना तिने एकदाही ऐकलं नव्हतं.

*

ममताचा नवरा नीलेश अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला तेव्हा हॉलमध्ये उद्याची तयारी रंगात आली होती. दहिसरहून त्याची बहीण आशा आली होती. तारोडीहून बाबांची बहीण गोदूआत्या पिशवीभर करवंदं घेऊन दुपारीच येऊन बसली होती. बाबा आपल्या खुर्चीत होते, पायात डॉक्टरांची ती जाड तळाची, पट्ट्यांची चप्पल.

"पाचला निघायचं," आशा बोटं मोजत सांगत होती. "ऊन व्हायच्या आत पोचतो. मी स्कूटर घेऊन मागून येते. बाबा दमले की बसतील."

"बसतील म्हनजे?" गोदूआत्याने करवंदाचं देठ खुडलं. "नवस काय गाडीवर बसून फेडायचा हाय? अर्धा फेडला त फेडला न्हाय."

"आत्या, ते अनवाणी जाणार नाहीत," नीलेश म्हणाला. "डॉक्टरांनी घरातसुद्धा नाही म्हणून सांगितलंय. बाथरूममध्येसुद्धा चप्पल."

"ती डाक्टरीन गुजरातची. तिला आपली देवी काय माहीत?"

"तिला पाय माहीत आहेत."

"बघ, बघ कसा बोलतो! लहानपनी माझ्या मांडीवर मुतायचा त्यो ह्योच का?"

आशा हसली, पण बाबा हसले नाहीत. "मी चालणार," रामनाथ म्हणाले. "तुझ्या आईने शब्द दिलाय. सहासष्ट वर्षं या मातीत चाललोय. मिठागरावर कुणाच्या पायात चप्पल होती रे?"

"तेव्हा खडा टोचला की कळायचं, बाबा."

रामनाथांनी मान फिरवली. नीलेशला आपण लागेल असं बोललो हे कळलं, पण खोटं काय होतं त्यात? माघात बाबांनी मिठाच्या कढत पाण्यात पाय बुडवले होते, तिथूनच सगळं सुरू झालं. या घरात दाताला मीठ, घशाला मीठ, दृष्ट काढायला मीठ. तीन पिढ्या मिठागरावर गेल्या, तेव्हा पाय दुखले की मिठाचं पाणी, यात कुणाला काय वावगं वाटणार? पाणी किती कढत आहे ते फक्त बाबांच्या पायांना कळलं नाही. मधुमेहाने त्यांची जाणीव कधीच नेली होती. टरारून आलेला फोडही दुसऱ्या दिवशी ममतालाच दिसला. महिन्याभरात बोट काळं पडलं.

आशाने त्याला खिडकीशी ओढलं. "दादा, ताणू नकोस ना. शेवटची शंभर पावलं फक्त अनवाणी. देवळाच्या पायरीपासून. आईचं मनही राहील."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"बाजू काय त्यात? आई गेले चार दिवस जेवत नाहीये नीट, बाबा फोनवर म्हणाले. तुला दिसत नाही, तू घरी असतोस कुठे?"

एवढ्यात ममता चहा घेऊन आली. तिने बाबांचा बिनसाखरेचा कप टीपॉयवर ठेवला, आणि कपाशेजारी मोजा. उलटा केलेला, डाग वर.

आशाने वाकून पाहिलं.

"कुणाचा आहे?" रामनाथांनी विचारलं.

"लाल टाका आहे, बाबा."

"मी रोज आरशात बघतो पाय. जखम कोरडी आहे."

"दाखवा," नीलेश म्हणाला.

"आता या चारचौघांत काय दाखवायचं? काय तमाशा आहे?" त्यांनी पाय खुर्चीखाली घेतला.

नीलेश जमिनीवर बसला. वडिलांच्या पायांना नमस्कार करण्यापलीकडे त्याने कधी हात लावला नव्हता. ऑपरेशननंतरही सगळं ममताच करत होती, तो बिलं भरायचा, गाडी चालवायचा. त्याने चप्पल सोडवली, मोजा उतरवला. गेलेल्या बोटाची जागा खरंच कोरडी होती, गुलाबी आणि नीट मिटलेली. बाबा रोज आरशात तीच बघत होते.

मग त्याने पाऊल वर उचललं. चवड्याखाली कातडी जाड आणि पिवळी झाली होती, घट्ट्यासारखी, आणि तिच्या मधोमध मुगाएवढं भोक होतं. ओलं. त्याने बाजूने जरासं दाबलं आणि वास आला.

"दुखतंय?"

"नाही."

नीलेशचं बोट अजून तिथेच दाबलेलं होतं.

"अरं, एवढंच ना?" गोदूआत्या गुडघ्यांवर हात देत उठली. "हळद भर त्यात, नायतर कोमट मिठाच्या पान्यान जरा शेक..." ती वाकली. पावलाजवळ तिचं तोंड आलं आणि ती तिथेच थांबली. एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग खाली फरशीवरच बसली.

"आत्या? काय झालं?"

"यो वास मना माहीत हाय."

तिचा आवाज इतका बारीक झाला की आशाला पुढे सरकावं लागलं.

"बाबाच्या पायाला आयला होता," गोदूआत्या रामनाथांकडे बघत म्हणाली. "आपल्या बाबाच्या."

ईश्वरआजोबांची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ होती. मिठागराच्या बांधावर विंचू डसला आणि पंधरा दिवसांत आजोबा गेले. नीलेशने ती शाळेच्या निबंधातसुद्धा लिहिली होती.

"विंचू कोनी पायला?" आत्याने विचारलं. "मी न्हाय पायला. बोटाला काला डाग दिसला, मंग कोनतरी बोलला विंचू असल. मी सतरा वर्साची. आय मिठागरावर जायची, म्हनून शेकायला मीच. अकरा दिस मिठाच्या कढत पान्यान शेकला मी त्याचा पाय. अकरा दिस! आनि त्यो काय बोलायचा, गोदू, बरा वाटतं गं, काय दुखत न्हाय." तिने रामनाथांच्या घोट्यावर हात ठेवला. "काय दुखत न्हाय. आत्ता तू बोललास तसाच."

रामनाथांनी पाय ओढून घेतला नाही.

"अगं गोदू, तुला काय माहीत होतं तेव्हा?"

"न्हाय माहीत होता. पर आता हाय ना?" तिने पदराने नाक पुसलं आणि नीलेशकडे वळली. "बघत काय बसलास? गाडी काढ. त्या गुजराती बाईला फोन लाव."

"वन्सं, आणि उद्याचं?" स्वयंपाकघराच्या दारातून प्रश्न आला.

जिजाबाई तिथे केव्हापासून उभ्या होत्या, कुणालाच माहीत नव्हतं.

*

सगळे आपल्याकडे बघताहेत, आता बोललं पाहिजे, हे जिजाबाईंना कळत होतं. त्यांनी दाराची चौकट धरली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं, आई?" आशा.

"चालायची सवय व्हावी म्हणून हे पहाटे गच्चीवर फेऱ्या घालायचे. अनवाणी. रोज चाळीस. मी माळेवर मोजायचे." गच्चीची गळती थांबवायला केलेल्या कामाची बारीक खडी अजून फरशीच्या सांध्यांत होती, हे त्यांना आठवलं. आपण स्वतः चप्पल घालून बसायचो हेही. "खाली आले की मोजे-चप्पल घालायचे, मग पूजा. देवघराच्या उंबऱ्याशी मोजे काढून आत. गुरुवारी देवापुढे ओला ठसा दिसला. वाटलं, पायाचं पाणी असेल. पुसलं. शुक्रवारी परत. पदराला लागलं ते पिवळं होतं."

"आणि तू बोलली नाहीस?" आशाचा आवाज फाटला. "आई, तू?"

"एवढा मंगळवार जाऊ दे, मग सांगते, असं देवीला म्हणाले मी. बोललेलं मोडलं तर तिने पाय वाचवलाय तो परत मागितला तर? याची भीती वाटली गं. मोजे लपवले. धुवत होते ना मी, चांगले घासून धुवत होते."

आशा रडायला लागली. नीलेश तोंड फिरवून गाडीची किल्ली शोधत राहिला. ममताने कपाटातून दवाखान्याची फाईल काढली, बाबांचं साखर मोजायचं यंत्र पिशवीत टाकलं, आणि जाता जाता जिजाबाईंच्या चपला त्यांच्या पायांपुढे आणून ठेवल्या.

"चला, आई. तुम्हीही."

त्या शब्दांत राग नव्हता. जिजाबाईंना तो असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर हेमालींनी पाय उजेडात घेतला. वय जेमतेम चाळीस, केस मागे घट्ट बांधलेले. "काका, कितना चले?"

"चाळीस फेऱ्या. रोज."

"अनवाणी?"

"हो."

त्या रागावल्या नाहीत. जिजाबाई भिंतीकडे बघत कोपऱ्यात उभ्या होत्या. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी तो पाय एकदाही नीट पाहिला नव्हता. देवापुढे डोळे मिटले की पाय बरा दिसायचा, पाच बोटांचा.

"काकू, इकडे या. तुम्ही बघा."

"मी कशाला? ममता बघते ना."

"ममता बघते, पण काका तुमचं ऐकतात. या."

जिजाबाई वाकल्या. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवलं. एक बोट गेलं की त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या हाडावर पडतो. तिथली कातडी जाड होते, आणि जाड कातडीखाली आतल्या आत जखम होते. ज्याला दुखतं तो लंगडतो, थांबतो. काकांना दुखतच नाही, ते चालत राहतात. "म्हणून ही चप्पल. आत मऊ, तळ कडक. भार वाटून घेते. बोट काढलं म्हणजे काम संपलं नाही, काकू. काम आता सुरू झालं."

मग त्यांनी एक बोथट, बारीक सळई घेतली. "ही आत घालून बघते. हाडाला लागली तर मामला वेगळा."

सळई आत गेली. रामनाथ छताकडे बघत होते. त्यांना काहीच कळत नव्हतं. सगळं कळत होतं ते जिजाबाईंना, जणू सळई त्यांच्याच टाचेतून वर चढत होती. त्यांच्या ओठांवर नाम यायला हवं होतं. आलं नाही. त्या फक्त बघत राहिल्या.

"नाही लागली," डॉक्टर म्हणाल्या.

नीलेशने भिंतीला डोकं टेकलं.

"पण अजून खुश नका होऊ. एक्स-रे आत्ता काढू, तीन आठवड्यांनी परत. हाडात शिरलेलं कधीकधी उशिरा दिसतं. पू तपासायला पाठवते, गोळ्या देते. ही मेलेली कातडी आत्ताच काढते. रोज ड्रेसिंग, आणि आठ दिवस पाय टेकवायचा नाही, उंचावर ठेवायचा. फक्त बाथरूम, तेपण चप्पल घालून, कुणाचा हात धरून. शेकायचं नाही, पाण्यात बुडवायचा नाही, हळद-तेल काही नाही. आणि साखर रोज लिहायची. हे भरलं नाही तर शेजारची बोटं जातील. कदाचित पुढचा अर्धा पाय."

"आणि देवघरात?" जिजाबाईंनी विचारलं. "आमच्याकडे देवघरात मोजासुद्धा चालत नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "माझी मम्मी पण हेच विचारेल," त्या म्हणाल्या. "देवाचं मी नाही सांगू शकत, काकू. पायाचं सांगते. अनवाणी एक पाऊल पण नाही."

परतताना गाडीत, मुर्ध्याच्या वळणाला गोदूआत्या म्हणाली, "जिजा, देवीजवल मी बोलते. देऊल माझ्या घरापासून हाकेवर हाय. म्हातारीचा ऐकल ती."

"काय सांगाल, वन्सं?"

"सांगन, जिजा नवस बोलली त्यात तिचे दोन पाय होते, ते ती नंतर आनल. बाकीचे तिचे नव्हते."

जिजाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बोचलं ते. पण खरं होतं.

मंगळवारी पहाटे त्या उठल्या, न्हाल्या, एकवीस नमस्कार घातले. मग ममताला हाक मारली आणि दोघींनी मिळून हॉलमधली खुर्ची उचलून देवघरात नेली. आशा उठून दाराशी आली आणि तिथेच थबकली.

"आई, इथे?"

"त्यांची पूजा चुकायला नको."

रामनाथ बाथरूममधून परतताना नीलेशचा हात धरून आले आणि उंबऱ्याशी थांबले. चाळीस वर्षांच्या सवयीने वाकून चप्पल सोडायला लागले.

"राहू द्या," जिजाबाई म्हणाल्या.

"अगं, देव आहेत."

"मी पुसलीय ओल्या फडक्याने. घालूनच या."

ते हलेनात. मग जिजाबाईच खाली बसल्या, सुटलेला पट्टा त्यांनी पुन्हा घट्ट लावला आणि उठताना त्यांच्या दंडाला धरलं. रामनाथ आत आले. खुर्चीत बसले. पाय उंचावर ठेवायचा होता, आणि देवघर एवढंसं, कसाही ठेवला तरी तळवा देवांकडेच होणार. जिजाबाईंनी क्षणभर देवांकडे पाहिलं. मग आपला पूजेचा पाट पुढे ओढला, त्यावर दुमडलेली सतरंजी ठेवली आणि त्यावर तो पाय, चपलेसकट.

त्या दिवसापासून त्यांच्या नेमात आणखी एक गोष्ट आली. नमस्कार झाले की त्या आरसा घेऊन बसायच्या. ड्रेसिंग ममता करायची, पण बघायच्या जिजाबाई. बोटांच्या बेचक्या, टाच, कडा, सगळ्यात शेवटी तळवा. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना, हे चाचपायच्या. पहिल्या दिवशी त्यांना कसंसंच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ममता, कालच्यापेक्षा खोल वाटतंय का गं?" ममताने वाकून बघितलं. "नाही, आई. कडा स्वच्छ झाल्यात म्हणून तसं वाटतंय." बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघी इतक्या जवळ बसल्या होत्या.

आठव्या दिवशी अकरा वाजता डॉक्टरांची वेळ होती. सकाळी जिजाबाईंनी मोजा उतरवला, उलटा केला आणि समईच्या उजेडात धरला. डाग होता. हरभऱ्याएवढा. काल केवढा होता? त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. काल मोठा होता. नक्की मोठा होता. की तसं वाटायला हवं होतं म्हणून वाटत होतं?

त्यांनी मोजा धुतला. फार घासला नाही. गच्चीवर गेल्या. टाकीच्या मागे विटेचा तुकडा अजून पडलेला होता. तो त्यांनी उचलून बाजूला टाकला. मग पुढच्या दोरीवर, जिथे जिन्यातून येणाऱ्या प्रत्येकाला आधी दिसेल तिथे, मोजा डाग वर करून दोन चिमटे लावून वाळत घातला.